लाइन आल्याचा आवाज

घरात जुळी नातवंडं आली त्या वर्षी एका सकाळी घड्याळजीने बहिणीचा काळा टेलिफोन जेवणाच्या टेबलावर आडवा घातला आणि त्याचं पोट उघडलं. स्क्रू एका बशीत काढले, घंटेच्या वाट्या दुसऱ्या बशीत. मग डायलमध्ये बोट घालून सात फिरवला, चकती परत येताना कान देऊन ऐकलं, आणि तारेने जोडलेल्या छोट्या पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर आठ उमटला होता.

त्याने पुन्हा सात फिरवला. पुन्हा आठ.

सून एका पोराला खांद्यावर थोपटत आली.

“बाबा, दोन पोरांना एक पाळणा कसाबसा पुरवतेय मी, आणि तुमचा हा तिसरा टेबलभर पसरलाय.”

“हा रडत तरी नाही.”

“तेच तर दुखणं आहे त्याचं,” म्हणून ती आत गेली.

ते मात्र खरं होतं. टेलिफोन मुका होऊन बरेच महिने झाले होते. कंपनीने रस्त्यावरच्या तारा उतरवून नेल्या, आणि ताईच्या घरातला फोन शोभेची वस्तू होऊन बसला. तिच्या मुलाने तिला काचेचा मोबाइल आणून दिला. ताईची नजर अधू झालेली. बोट ठेवावं एकीकडे आणि उघडावं भलतंच. थंडीत ती न्हाणीघरात घसरून पडली. सरपटत बाहेरच्या खोलीत आली, मोबाइल हाताला लागला, पण काचेवर नंबर काही सापडेना. ती बोटं दाबत राहिली, शेवटी बॅटरी संपली. दुपारी शेजारीण डोकावली म्हणून निभावलं.

तेव्हापासून भाच्याने धोशा लावला होता, की आईला आपल्या शहरात न्यायचं. ताई वर्षानुवर्षं एकच सांगत आली होती, या घरातून मी हलणार नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला, दुकानदाराला, डॉक्टरला, सगळ्यांना तिने ते ऐकवून ठेवलं होतं. शेवटी भाचा मामाला म्हणाला, तिने एक फोन आपल्या हाताने लावून दाखवावा, मी पुन्हा विषय काढणार नाही. मुलांना सुट्ट्या लागल्या की तो येणार होता.

“तिचा जुना फोन मी मोबाइलवर चालवून देतो,” घड्याळजी तिथल्या तिथे बोलून गेला.

त्यात त्याचाही स्वार्थ होता. चार भावंडांतली ही दोघंच उरली होती. दर रविवारी तो चालत ताईकडे जायचा, चहा प्यायचा, कुठल्यातरी जुन्या गोष्टीवरून तिच्याशी वाद घालायचा आणि चिडून घरी यायचा. असं भांडायला आता दुसरं कुणी राहिलं नव्हतं.

काम सोपं वाटलं होतं. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून सिमकार्डाची एक पट्टी आणायची, ती फोनच्या पोटात बसवायची, डायलच्या टिकटिकी त्या पट्टीने मोजायच्या आणि नंबर लावायचा. पण डायलची स्प्रिंग थकलेली. कधी टिकटिक वाढे, कधी गळे. आपल्या मुलाचा नंबर फिरवावा तर फोन कुठल्यातरी बेकरीत लागे. बेकरीवाला पहिल्यांदा वैतागला, मग सवयीचा झाला.

“आजोबा, सात अजून बिघडलेलाच का?” तो विचारायचा.

घड्याळजी दात-ओठ खात रिसीव्हर ठेवायचा. आयुष्यभर लोकांची मनगटी घड्याळं त्याने चुटकीसरशी सुरू केली, आणि हे काळं धूड त्याला नाचवत होतं. सात सुधारला तर घंटा वाजेना. घंटा वाजली तर बोलण्यात खरखर. एकदा त्याने रागाने पक्कड टेबलावर आपटली. दोन्ही जुळी एकदम उठली आणि सुनेने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

अखेर एक दिवस सगळे आकडे बरोबर आले. त्याने बेकरीवाल्याला मुद्दाम फोन करून तसं सांगितलं, आणि टेलिफोन पिशवीत घालून ताईकडे नेला. तिथे पोहोचल्यावर आपल्या मोबाइलवरून घंटा वाजवून दाखवली, आपला नंबर तिच्याकडून पाढ्यासारखा घोकून घेतला.

“उचल, फिरव, बोल. बाकी काही नाही.”

“बरं,” ताई म्हणाली.

तो वाट पाहत राहिला. ताईचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शेवटी त्यानेच लावला, तर ती म्हणाली, तुझा फोन बंद आहे.

“अगं, त्याच्यावरच बोलतेयस ना आत्ता?”

“येतो. जात नाही.”

तो तणतणत गेला. उचलला, फिरवला, खिशातला मोबाइल वाजला. ताई बाजूला उभी राहून ऐकत होती. तो घरी पोहोचतो न पोहोचतो तोच शेजारणीकडून निरोप आला, पुन्हा बंद. तो परत गेला. पुन्हा सगळं ठीक. तिसऱ्या खेपेला त्याचा तोल सुटला. तुला चालवायचाच नाही, तसं सांग, म्हणाला. ताईही काही कमी नव्हती. लहानपणी माझं गजराचं घड्याळ उघडलंस, ते अजून बंदच आहे, म्हणाली. खटपट्या हे नाव तिनेच त्याला तेव्हा ठेवलं होतं.

“आण इकडे. माझ्यासमोर लाव,” तो म्हणाला.

ताईने रिसीव्हर उचलून कानाला लावला. ऐकलं. दुसरा हात मांडीवर तसाच. थोड्या वेळाने तिने रिसीव्हर खाली ठेवला.

“बंद.”

“तू डायलला हातच लावला नाहीस.”

“आवाज आला नाही तर कसा लावू? लाइनच आलेली नाही.”

घड्याळजी मटकन खुर्चीत बसला. रिसीव्हर उचलला की लाइन आल्याचा एक सलग, बारीक आवाज यायचा, तो आल्याशिवाय डायलला बोट लावायचं नाही. घरात पहिल्यांदा फोन आला तेव्हा ताईनेच हे त्याला शिकवलं होतं, हातावर चापट मारून. मोबाइलला असला आवाज नसतो. तो इतके दिवस तिच्या बोटांची काळजी करत बसला होता, तिच्या कानाकडे त्याचं लक्षच गेलं नव्हतं.

टेलिफोन उचलून पिशवीत घालताना त्याचा पाय पलंगाखालच्या कशावर तरी आपटला. वाकून पाहिलं तर प्रवासाची बॅग होती, गच्च भरून बंद केलेली.

“जुने कपडे आहेत,” ताई म्हणाली. त्याने विचारलं नव्हतं.

तो आवाज तयार करण्यात उरलेले दिवस गेले. आधी तो शिट्टीसारखा आला, मग बेडकासारखा. सून म्हणाली, पोरं आता याच्यावरच झोपतात, बदलू नका. पण त्याने बदलला, अगदी जुन्यासारखा होईपर्यंत.

भाचा यायच्या दिवशी सकाळी तो ताईकडे पोहोचला. ताईने रिसीव्हर उचलला, आणि तिच्या कपाळावरची आठी सैल झाली. ती बराच वेळ नुसती ऐकत राहिली. मग बोटाने भोकं चाचपत तिने सगळे आकडे फिरवले. घड्याळजीच्या खिशात मोबाइल वाजला.

“कोण बोलतंय?” त्याने तिच्यासमोरच उभं राहून विचारलं.

“तुझी ताई. जमलं रे खटपट्या.”

दोघंही हसली. रिसीव्हर ठेवून ताईने टेलिफोनवरून तळहात फिरवला, जणू धूळ पुसतेय.

“म्हणजे आता मी इथेच राहायचं,” ती म्हणाली.

“मग! त्यासाठीच तर एवढा खटाटोप केला.”

ताई उठली. ती हात धुवायला गेली. न्हाणीघराच्या उंबऱ्याशी क्षणभर थांबली, चौकट घट्ट धरली, आणि मग एकेक पाऊल आत टाकलं. दार तिने उघडंच ठेवलं. घड्याळजीला ते दिसलं. तो स्क्रू घट्ट करायच्या निमित्ताने टेलिफोनवर वाकला.

भाचा आला तो घाईतच. गाडी रस्त्यात उभी होती, मागून कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. तो दारातूनच म्हणाला, “हं आई, लाव बरं मामांना फोन.”

ताईने रिसीव्हर उचलला. कानापासून थोडा दूर धरला. शेजारी उभ्या असलेल्या घड्याळजीला तो आवाज स्वच्छ ऐकू आला, सलग, बारीक, कुठेही न तुटणारा. इतका चांगला तो टेबलावरही लागला नव्हता.

ताईने रिसीव्हर खाली ठेवला.

“बंद आहे,” ती म्हणाली.

भाच्याने मामाकडे पाहिलं. ताई मात्र समोरच्या भिंतीकडे पाहत होती. दोन्ही हात तिने मांडीवर एकमेकांत अडकवले होते.

घड्याळजीने उगाच एकदा रिसीव्हर उचलला, ऐकल्यासारखं केलं आणि परत ठेवला.

“हो,” तो म्हणाला. “नाही जमलं मला.”

“जाऊ द्या मामा. तुम्ही खूप केलंत.”

“कसलं खूप. तिचं गजराचं घड्याळही मी असंच घालवलं होतं.”

मग तो वाकला, पलंगाखालची बॅग ओढून काढली आणि स्वतःच गाडीपर्यंत घेऊन गेला. गाडीत बसताना ताईने त्याचं मनगट धरलं आणि इंजिन सुरू होईपर्यंत सोडलं नाही. टेलिफोन त्याच्याकडे राहिला. रविवारी ताईचा फोन यायचा, नातीने लावून दिलेला, आणि दोघं भांडायची.

जुळी चालायला लागली त्या वर्षी, उन्हाळ्यातल्या एका दुपारी, ताई मुलाच्या घरी झोपेतच गेली.