सवत बसायला आली

चिमीच्या आईला नळाच्या पाण्यात तेलाचा वास यायचा. तसा तो लष्करी छावणीतल्या त्या रांगेत सगळ्याच घरांत यायचा, पण बाकीच्या बायका जुन्या आणि शहाण्या होत्या. पाणी भरताना श्वास रोखायचा आणि भरून झालं की विसरायचं, हे त्यांना जमत असे. चिमीची आई पडली कॉलेज शिकलेली, तिला विसरणं शिकवलंच नव्हतं कुणी.

रांगेच्या वरच्या अंगाला टेकडी, टेकडीच्या पोटात गाड्यांच्या इंधनाची जुनी टाकी, आणि टेकडीच्या पायथ्याशी घरांना पाणी देणारी विहीर. यात काय ते समजायला कॉलेजचीही गरज नव्हती. अंघोळ घातली की चिमीचे हात आणि ओठांभोवतीची कातडी लाल व्हायची, मग सोलून निघायची. पोर रात्रंदिवस खाजवायची, म्हणून आई तिच्या हातांवर मोजे चढवून ठेवायची. छावणीच्या दवाखान्यातली डॉक्टर म्हणाली, "पाणी बदलून बघा." आणि कागदावर लिहिलं, 'नाजूक त्वचा'.

"पाण्याचं लिहा ना."

"ते नाही लिहिता येणार. मीपण इथेच नोकरी करते हो," डॉक्टर हळूच म्हणाली.

पाण्याचं लिहिल्याशिवाय चिमीला शहरातल्या मोठ्या इस्पितळात पाठवत नसत. म्हणून चिमीची आई वसाहतीच्या कचेरीत गेली. तिथल्या अधिकाऱ्याला सगळ्या बायका पाठीमागे 'नियमसाहेब' म्हणायच्या. माणूस वाईट नव्हता, उठून खुर्ची दिली त्याने.

"बसा बाई. तुमची तक्रार नियमात बसत नाही."

"का नाही बसत?"

"पाण्याची तपासणी मागायचा हक्क सेवेतल्या माणसाला. तुम्ही अवलंबित."

"मग ह्यांना मागायला सांगते."

"जरूर. पण ह्यांच्या हाताला काही झालंय का? नाही ना? मग ते कशावरून मागणार?"

"अहो साहेब, पण वास येतो ना!"

"कुणाला येतो? तुमच्या नाकाला. नाक हे काही मान्यताप्राप्त उपकरण नाही, बाई."

हे बोलून नियमसाहेबाने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता, पण तो पडल्याचा आवाज यायला जरा वेळ लागला.

कारण छावणीत एक मान्यताप्राप्त नाक होतं, आणि ते चिमीच्या बाबांच्या हाताखाली होतं. राणी नावाची ती काळी कुत्री चोरीचं इंधन हुडकायची. वास लागला की भुंकायची नाही, ओरबाडायची नाही, नुसती त्या जागी ताठ बसायची. चिमीचे बाबा खिशातला खाऊ देऊन "शाबास" म्हणेपर्यंत उठायची नाही, मग आभाळ कोसळो. मागल्या वर्षी भांडारप्रमुखाच्या पलंगाशी ती अशीच बसली आणि तो गेला तुरुंगात. छाप्यावर नियमसाहेब होता, त्याच्या छातीवर पदक आलं. राणीला हाड मिळालं.

चिमीचे बाबा घरी कमी आणि राणीपाशी जास्त, म्हणून रांगेतल्या बायका तिला चिमीच्या आईची सवत म्हणायच्या. चिमी म्हणायची राणीमावशी.

त्या संध्याकाळी आईने विषय काढला. "अहो, राणीला एकदा घरी घेऊन या ना बसायला."

"कशाला?"

"सवत झाली तरी माझीच ना? तिचा मानपान नको?"

नवऱ्याच्या डोक्यात प्रकाश पडला तसा त्याचा चेहरा पडला. "वेड लागलंय तुला! ती बसली की मला वर्दी द्यावी लागते. घराची झडती येईल. तेलचोर ठरेन मी!"

"घरात तेल आहे का चोरीचं?"

"नाही."

"मग भिता कशाला?"

"तू जरा गप्प बस."

"ते तिला सांगा, ती ऐकते तुमचं."

नवरा चिडून उठला. दारापाशी चिमी जमिनीवर चित्र काढत होती. मोज्यातून खडू निसटत होता. तिने तो परत पकडला, परत निसटला, मग तिने दातांत धरून बघितला. नवरा तिथेच उभा राहिला. चपला घातल्या, काढल्या.

"उद्या आमची गस्त ह्याच रांगेतून आहे," तो भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाला.

राणी दुसऱ्या दिवशी आली. पाहुणीसारखं इकडेतिकडे न बघता थेट स्वयंपाकघरात गेली आणि मोरीच्या नळाखाली ताठ बसली. चिमीच्या बाबांनी वर्दी दिली. दुपारच्या आत नियमसाहेब माणसं घेऊन हजर. पिठाचा डबा उपडा झाला, गादी उसवली, फरश्या ठोकून पाहिल्या.

"तेल कुठे लपवलंय?"

"नळात, साहेब," चिमीची आई म्हणाली.

खरंखोटं करायला राणीला शेजारी नेलं. तिथे बसली. पुढच्या घरी बसली. कोपऱ्यावरच्या वहिनी रांगेत सगळ्यांत जुन्या, त्या दार उघडून वाटच बघत होत्या. राणीने टेकायचा अवकाश, वहिनींनी हात जोडले. "या साहेब! म्हणजे मीपण चोर झाले की. बसा, चहा ठेवते. पाणी आमच्याच नळाचं आहे, चालेल ना?"

नियमसाहेबाला घाम फुटला. "कुत्री बिघडलीय. सगळी रांग कशी तेल चोरेल? बाद करा तिला."

"करू साहेब," चिमीचे बाबा खाली बघत म्हणाले. "फक्त ती बिघडलेली म्हटली की तो भांडारप्रमुख म्हणेल, मागल्या वर्षीही बिघडलेलीच होती."

साहेबाचा हात आपोआप छातीवरच्या पदकाकडे गेला. वहिनींनी चहाचं आधण बंद केलं, आता कुणी पिणार नव्हतं.

आठवड्याच्या आत पाणी तपासलं गेलं. रांगेत टँकर आला. टाकीत 'गळती' सापडली नाही, कारण गळती म्हटलं की चौकशी लागते. 'किंचित पाझर' सापडला.

"पाझर फुटतो तो दगडाला, असं ऐकलं होतं," वहिनी टँकरच्या रांगेत म्हणाल्या. "कचेरीला फुटला तो असा!"

चिमीची आई सगळ्यांबरोबर हसली आणि दुसऱ्याच दिवशी कचेरीत गेली. आता तरी पोरीला इस्पितळात पाठवा.

"बसा बाई. पाझर धरलाय तो राणी बसली त्या दिवसापासून. तुमच्या मुलीचा त्रास त्याच्या आधीचा. त्यामुळे ते नियमात—"

"बसत नाही," तिने वाक्य पुरं केलं.

"आधीपासून पाझर होता, असं एखादं मान्यताप्राप्त..." एवढं बोलून साहेबाने जीभ चावली. पण शब्द सुटला तो सुटलाच.

चिमीच्या आईने सगळं आधीच ठरवलं होतं. मागल्या थंडीत ह्याच पाण्यात धुतलेली पांघरुणं तिने पिशवीत घट्ट बांधून कपाटावर टाकली होती. चिमीचे हात सोलायला लागले ते त्याच थंडीत. राणी पांघरुणांपाशी बसली की काम झालं. साहेब आला, कारकून आला, वहिनी बघायला आल्या. चिमीची आई खुशीत होती. पहिल्यांदाच घरात तिने सांगितलं तसं सगळं होणार होतं.

राणी कपाटापाशी आली आणि बसली.

"शाबास!" चिमीचे बाबा म्हणाले. खाऊ दिला. कारकुनाने लिहून घेतलं.

तेवढ्यात राणी उठली. खाऊ तोंडात तसाच धरून पलंगाकडे गेली, पलंगाखालच्या ट्रंकेपाशी नाक नेलं आणि परत बसली.

"ह्यात काय आहे?" साहेबाने विचारलं.

कारकुनाने ट्रंक ओढून उघडली. आत चिमीची झबली, टोपडी, दुपटी. चिमी रांगायला लागली तेव्हा आईने ती ह्याच नळाखाली स्वतःच्या हाताने धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवली होती. दुसऱ्याला होतील म्हणून. कधी मन उदास झालं की ती ही ट्रंक उघडायची, एखादं झबलं नाकाशी धरायची. घरभर, गावभर तिला तेलाचा वास यायचा. ह्या झबल्यांना कधीच नाही आला. त्यांना फक्त चिमीचा वास होता.

"कधीपासूनचं लिहू, साहेब?" कारकुनाने विचारलं.

साहेब पहिल्यांदाच नियम शोधत नव्हता. तो चिमीकडे बघत होता.

"ऊठ ग," चिमीची आई म्हणाली. राणीच्या समोर ती गुडघ्यांवर बसली होती. "चुकलं असेल तुझं. परत बघ. ऊठ ना ग बाई."

राणी तिच्याकडे बघेना. ती बघत होती धन्याकडे. त्याचा हात खिशात गेलेला, तो खिशातच राहिला होता.

"राणीमावशी बसली!" चिमीने मोज्यातल्या मोज्यात टाळ्या पिटल्या. त्यांचा आवाज होत नव्हता. "बाबा, शाबास म्हणा ना! बाबा, म्हणा ना!"