छबुबाईंच्या काळजातली सोसायटी

दुपारच्या सामसुमीत दुधाच्या किटलीचं झाकण खणकलं. छबुबाई बाजेवरून उठल्या होत्या.

"आई, बस खाली," लेक विमल आतून म्हणाली. "डॉक्टरांनी जपायला सांगितलंय ना?"

"बसून बसून बाजेला घट्टे पडले की गं."

मित्रांनो, मी एक जुनी तंतुकणिका आहे, इंग्रजीत मायटोकॉन्ड्रिया म्हणतात ती. छबुबाईंच्या हृदयात राहते, डोळ्यांना दिसणार नाही इतकी बारीक. आमच्यातली एकेक थोड्याच आठवड्यांत झिजते. पण धडधाकट असते ती दुभागून आपल्यासारखीच दुसरी मागे ठेवते. म्हणून बहात्तरचा दुष्काळही मला माझाच वाटतो. तेव्हा छबुबाई दुष्काळी कामावर खडी फोडायच्या, आणि तिथं खायला मिळणाऱ्या सुकडीवर आम्ही दिवसभर भट्टी पेटती ठेवायचो.

हृदयाच्या एका पेशीत आम्ही हजारो. गावातल्या बायकांच्या दूध सोसायटीसारखंच आमचं, फक्त चेअरमन नाही, म्हणून भांडणही नाही. अन्न आणि ऑक्सिजन घ्यायचा, ताकद करून द्यायची. भट्टी म्हटली की ठिणग्या उडणारच. त्यांना फ्री रॅडिकल म्हणतात. थोड्या असल्या तर पेशीला सावध ठेवतात. फार झाल्या की आमच्याच भिंती करपवतात. वय वाढतं तशा ठिणग्या वाढतात आणि त्या विझवणारे हात कमी पडतात. अशाच दिवसांत टँकरवरून घागर आणताना छबुबाईंना धाप लागली.

घरचे घाबरले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि जपायला सांगितलं. शाळेत विज्ञान शिकवणारी विमलसुद्धा आईच्या काळजीनं सगळं विसरली. किटली सुटली, सोसायटीवर जाणं सुटलं. सगळं मायेनंच झालं, पण आम्हाला कामच उरेना. नव्या कणिका जन्मेनात; जुन्या नुसता धूर करत बसल्या. छबुबाईंना आता बाजेवरच दम लागू लागला.

पुढच्या तपासणीला डॉक्टर हसले. "जपा म्हणालो होतो, बांधून ठेवा नाही. गोळ्या चालू ठेवा आणि रोज झेपेल तेवढं चालवा."

पहिल्या दिवशी छबुबाई नात जाईचं बोट धरून कडुलिंबापर्यंत गेल्या. मग पारापर्यंत. आणि एका सकाळी थेट सोसायटीच्या दारात. दूध मोजणाऱ्या चंद्रभागाबाईंनी माप खाली ठेवलं.

"आलीस का गं? आमाला वाटलं, बाजेलाच मुळ्या फुटल्या तुला."

"फुटल्या हुत्या. उपटून आले."

सगळ्या बाया खिदळल्या. मित्रांनो, त्या दिवसांत आमच्यात किती नव्या जन्मल्या म्हणून सांगू! ठिणग्या विझवणारेही पुन्हा कामाला लागले. म्हणून तुमच्याकडे एवढंच मागणं आहे : आम्हाला जपा, पण झाकून ठेवू नका. चाला, खेळा, घरचं ताजं खा, तंबाखूचा धूर आमच्यापर्यंत येऊ देऊ नका.

परतताना सोबत आलेली विमल जाईला समजावत होती. "आपल्या पेशींतल्या तंतुकणिका लेकराला आईकडूनच मिळतात. आज्जीच्या मला आल्या, माझ्या तुला."

जाई थांबली. तिनं आज्जीचा सुरकुतलेला हात उलटासुलटा करून पाहिला, मग स्वतःचा.

"मग आज्जीत त्या म्हाताऱ्या झाल्या," ती म्हणाली, "अन् माझ्यात येऊन परत नव्या कशा काय झाल्या गं, आई?"