दुसऱ्याच्या नावाचा बिल्ला

विश्वासराव एकोणीस वर्षं एक्स-रेच्या खोलीत काम करत होते. बेंगळूरच्या चामराजपेटेतल्या घरातून सकाळी चालत निघायचं, मार्केटजवळच्या एका धर्मादाय इस्पितळात जायचं, दिवसभर माणसांची हाडं आणि छात्या फिल्मवर घ्यायच्या आणि संध्याकाळी अंगाला फिल्म धुण्याच्या औषधी पाण्याचा आंबूस वास घेऊन परत यायचं. उजव्या हाताच्या दोन बोटांची कातडी सुकून तडकली होती. तरुणपणी मशीन नीट चालतंय का, हे ते आपलाच हात पडद्यामागे धरून पाहायचे. शिकवणाऱ्यानं तसंच शिकवलं होतं. आता बायको कृष्णाबाई त्या बोटांना खोबरेल चोळायची.

१९६२च्या जूनमध्ये मुंबईहून तीन बिल्ले आले. आगपेटीपेक्षा जरा लहान, आत फिल्मचा तुकडा. महिनाभर छातीवर लावायचा, मग परत मुंबईला पाठवायचा. कुणाच्या अंगावर किती किरण पडले ते तिथे मोजून कळवणार. एक बिल्ला डॉक्टर सत्यनारायण यांचा, एक विश्वासरावांचा, एक दुसऱ्या तंत्रज्ञाचा. ठकुबाईंचा नव्हता.

ठकुबाई कागदोपत्री बायकांच्या वॉर्डातल्या आया. खानापूरकडच्या. नवरा गेल्यावर भावाबरोबर बेंगळूरला आल्या आणि इथेच राहिल्या. पण गेली अकरा वर्षं त्यांचा अर्धा दिवस एक्स-रेच्या खोलीत जायचा, कारण लहान मुलं त्यांच्याच हातात गप्प राहायची. क्षयाच्या संशयाचं पोर असो की खुब्यात पू झालेलं, ठकुबाई त्याला छातीशी धरून यंत्रासमोर उभ्या राहत आणि विश्वासराव आडोशामागून बटण दाबत. शिशाचा एप्रन एकच होता. डॉक्टर अंधारात पडद्यावर तपासणी करायला उभे राहिले की तो त्यांच्या अंगावर असे.

पहिल्या महिन्याचा अहवाल आला. तिघांचेही आकडे मर्यादेच्या आत. डॉक्टर खूश झाले. विश्वासरावांनी तेव्हाच विचारलं, "सर, ठकुबाईंसाठी एक मागवायचा का?"

"त्या वॉर्डच्या आया आहेत," डॉक्टर कन्नडमध्ये म्हणाले. "यादी गेली आहे. पुढच्या वर्षी बघू."

विश्वासराव "सरी", म्हणजे बरं, म्हणाले आणि बाहेर आले. भांडायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. पण दुसऱ्या दिवशी ठकुबाईंनी अकरावं पोर धरलं तेव्हा त्यांनी बटणावरचा हात क्षणभर तसाच ठेवला. अकरा पोरं, एका सकाळी. त्यांनी हे कधी मोजलंच नव्हतं.

ऑगस्टचे बिल्ले आले तसा त्यांनी आपला बिल्ला ठकुबाईंच्या हातात दिला.

"हे कशाला, अण्णा?"

"पदराखाली पोलक्याला लावा. इथं असाल तोवर काढू नका. जाताना मला परत द्या."

"मला काय होतंय की! एवढी वर्षं काय झालं नाही ते."

"स्वल्प ऐका माझं. एक महिना."

ठकुबाईंनी लावला. वॉर्डातल्या बायकांना वाटलं, यांना बढती मिळाली. ठकुबाईंनी तो समज काही दूर केला नाही.

सप्टेंबरच्या अखेरीला पत्र आलं. विश्वासरावांच्या नावापुढचा आकडा मर्यादेच्या तिप्पट होता. खुलासा मिळेपर्यंत त्यांना किरणांच्या कामापासून दूर ठेवावं, असं खाली लिहिलं होतं. इस्पितळाचे अधीक्षक जयसिंगराव यांनी त्यांना बोलावून घेतलं. डॉक्टर तिथेच बसले होते.

"तुम्ही आडोशामागे उभं राहत नाही की काय?" जयसिंगरावांनी विचारलं.

"राहतो."

"मग बिल्ला यंत्राखाली विसरला असाल."

तसं म्हटलं असतं तर प्रकरण मिटलं असतं. विश्वासरावांना ते कळत होतं. त्यांना बसावंसं वाटत होतं, पण कुणी बसा म्हणालं नव्हतं.

"बिल्ला महिनाभर ठकुबाईंच्या अंगावर होता," ते म्हणाले. "आकडा त्यांचा आहे."

डॉक्टर कितीतरी वेळ ते पत्र वाचत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला. ते रागावले नाहीत, नुसते म्हणाले, "मला पुन्हा सांगायचं होतंत."

आपला बिल्ला दुसऱ्याला दिल्याबद्दल विश्वासरावांना लेखी ताकीद मिळाली. ठकुबाईंना त्याच दिवसापासून एक्स-रेची खोली बंद झाली. ही बातमी विश्वासरावांनीच त्यांना सांगितली, वॉर्डाच्या व्हरांड्यात.

"म्हणजे मला काढलं."

"काढलं नाही. तुमच्या जिवासाठीच—"

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं ओ हे?" ठकुबाईंचा आवाज चढला. "अकरा वर्षं पोरं धरली मी. आता वॉर्डात विचारतात, काय चोरलंस म्हणून. काय सांगू त्यांना?"

विश्वासरावांनी त्यांना किरण दिसत नाहीत, दुखत नाहीत, अंगात साठल्यागत परिणाम करतात, असं समजावायचा प्रयत्न केला. आपली बोटंही दाखवली. ठकुबाईंनी बोटांकडे पाहिलं आणि चादरींचा गठ्ठा उचलून त्या आत निघून गेल्या.

मग खोलीचे हाल सुरू झाले. नवा एप्रन आला. मूल आईनं किंवा बापानं तो घालून धरायचं, असा नियम झाला. बायका घाबरायच्या, एप्रनच्या ओझ्यानं वाकायच्या, ऐन वेळी हात सोडायच्या. फिल्म हलायची, परत घ्यावी लागायची, म्हणजे त्या पोरावर पुन्हा किरण. विश्वासरावांनी सुताराकडून पट्टे असलेली एक फळी करून घेतली. पोरं तिच्यावर जास्तच किंचाळायची. संध्याकाळी ते घरी येऊन भिंतीला टेकून बसत. कृष्णाबाईंनी विचारलं तर म्हणत, "बरं केलं की वाईट, तेच कळत नाही."

डिसेंबरात एका सकाळी आनेकलहून आलेली एक बाई तीन वर्षांच्या मुलीला धरून उभी होती. फिल्म दोनदा हलली होती. मुलगी रडून निळी पडली होती. तेवढ्यात बंद दाराबाहेरून ठकुबाईंचा आवाज आला, कन्नडमध्ये, खणखणीत.

"अगं बाई, तिचं तोंड तुझ्या खांद्यावर घे. हात बगलेत धर. आणि तिच्या कानात मोज, एक ते वीस. मोठ्यानं नको."

बाईनं तसं केलं. मुलगी हुंदके देत राहिली, पण हलली नाही. विश्वासरावांनी बटण दाबलं.

दार उघडलं तेव्हा ठकुबाई भिंतीच्या पलीकडे उभ्या होत्या. "वॉर्डात कामं होईनात त्या रडण्यानं," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून मुलं असली की त्या येऊ लागल्या. आत पाऊल टाकत नव्हत्या. बाकावर पोरं घेऊन बसलेल्या बायकांना आधीच शिकवून ठेवायच्या. डॉक्टरांनी ते पाहिलं आणि चालू दिलं.

डॉक्टरांनीच ठकुबाईंचं रक्तही तपासून घेतलं. पांढऱ्या पेशी थोड्या कमी निघाल्या. किरणांमुळे असेल, नसेलही. दर महिन्याला बघत राहायचं, असं ते म्हणाले. ठकुबाईंना सुईची भीती. अकरा वर्षं दुसऱ्यांची पोरं घट्ट धरणारी ही बाई प्रयोगशाळेच्या दारात अडून बसायची. मग विश्वासराव काम सोडून यायचे आणि त्यांच्याबरोबर आत जायचे.

"बघू नका तिकडं," ते भिंतीकडे तोंड करून म्हणायचे.

"तुम्ही तरी कुठं बघताय, अण्णा?" ठकुबाई म्हणायच्या आणि डोळे मिटून हात पुढे करायच्या.