मल्लम्माचा हात

मल्लम्मा हदगावकडं आली तेव्हा कापूस वेचायचा असतो, एवढंच तिला माहीत होतं. निलंग्याकडचं तिचं गाव भूकंपात बसलं. त्या पहाटे ती आणि नवरा शंकरप्पा रानात होते म्हणून वाचले. घरात आजीपाशी निजलेली दोन्ही लेकरं गेली. धाकट्याच्या वेळीच तिचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं. भूकंपानंतर लातूरला नळी पुन्हा जोडून दिली. डॉक्टर म्हणाले, बघू. त्याला चार वर्षं झाली.

शंकरप्पाची बहीण हदगावजवळ दिलेली. तिच्या आधारानं दोघं इकडं आले आणि श्रीमंतरावांच्या सीड प्लॉटवर लागले. संकरित कापसाचं बियाणं हातानं करावं लागतं. संध्याकाळी मादीच्या ओळीतली, उद्या उमलणारी कळी नखानं सोलायची. पाकळ्या आणि परागाचे दाणे काढून टाकायचे, मधली नाजूक दांडी तेवढी राखायची. सकाळी नराच्या ओळीतलं फूल तोडून त्याचा पराग त्या दांडीवर फिरवायचा आणि देठाला दोरा बांधायचा. मल्लम्माचा हात हलका. महिन्याभरात ती जुन्या बायांच्या पुढं गेली. चार-पाच दिवसांनी दोऱ्याखाली हिरवं बोंड धरलेलं दिसलं की ती जरा वेळ तिथंच थांबायची.

भाद्रपदात सलग चार दिवस सकाळीच पाऊस आला. दोरे बांधलेली फुलं देठासकट चिखलात पडली.

श्रीमंतरावांची म्हातारी आई लक्ष्मीबाई बांधावर आली. पडलेली फुलं बघून तिनं बायांना विचारलं, "सकाळचं काम ही भूकंपातली बी करते का?"

"आम्ही साऱ्याच करतो, आजी," केवळाबाई म्हणाली.

"हिची कूस बंद हाय. फळाच्या कामाला हिचा हात नको. सांजच्याला सोलू द्या, त्याला काय होत न्हाई."

नात साक्षी लातूरला बारावीच्या शिकवण्यांना होती, महालक्ष्म्यांसाठी घरी आलेली, आजीमागंच बांधावर होती. ती मध्ये पडली, "आजी, पाण्यानं पराग फुटतो. मग कुणीबी लावला तरी फूल गळणारच. आमच्या पुस्तकात हाय."

"पुस्तकाला लेकरं व्हतात का?" म्हातारी म्हणाली आणि घराकडं वळली.

मल्लम्मा जवळच्याच ओळीत होती, तिनं सारं ऐकलं. दुसऱ्या दिवशी तिनं श्रीमंतरावांना ओळीत उभं केलं. प्रत्येकीच्या ओळी ठरलेल्या होत्या.

"मालक, माझ्या ओळीतली गळ मोजा. मग केवळाबाईच्या ओळीतली मोजा. तिला पाच लेकरं हायत."

श्रीमंतराव वाकून वाकून बघत गेले. केवळाबाईच्या ओळीत गळ जास्तच होती.

"दिसून राहिलं मला," ते म्हणाले.

"मग?"

त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "घरात सण हाय, मल्लम्मा. आई ऐकणार न्हाई. तू सांजच्याला येत जा."

शंकरप्पा रागानं म्हणाला, काम सोड. ती म्हणाली, "सोडून जायचं कुठं?"

साक्षी लातूरला परत गेली. मल्लम्मा रोज संध्याकाळी कळ्या सोलू लागली. त्याच आठवड्यात पाऊस उघडला. कोरड्या सकाळी बायांनी पराग लावला आणि बोंडं भराभर धरली, झाडं वाकली. लक्ष्मीबाई येईल-जाईल त्याला बोंडं दाखवायची. "बघा, हात बदलला आन् फळ टिकलं." साऱ्या गावानं ते डोळ्यांनी पाहिलं होतं, आता कोण काय बोलणार? केवळाबाईसुद्धा मान हलवू लागली. एकदा मल्लम्माला स्वतःलाच वाटून गेलं, म्हातारीचं खरं तर नसेल? त्या दिवशी तिनं घरी भाकरीसुद्धा थापली नाही, हात मांडीखाली घेऊन बसून राहिली.

पुढच्या वर्षी शेजारच्या गावात तिघांनी सीड प्लॉट घेतले. मुकादम बाया ठरवायला वस्तीवर आला. दारात उभ्या मल्लम्माच्या देखतच त्यानं केवळाबाईला सांगितलं, "सकाळच्या कामाला वीस जणी पाठवा. ती भूकंपातली सोडून."