पापडांच्या दिवशी कॉम्प्युटर

मला राग लवकर येतो. हे शाळेतल्या पोरींना ठाऊक आहे, उद्धवना तर लग्नापासून ठाऊक आहे. मेहकरात ज्याला ठाऊक नव्हतं असा एकच माणूस उरला होता, कॉम्प्युटरच्या दुकानाचे शंकरराव.

मी भूमिती शिकवते. पोरींना आकृत्या पडद्यावर हलवून-फिरवून दाखवते. माझा जुना लॅपटॉप वर्तुळाची स्पर्शिका काढता काढता एकदाचा गेला, तेव्हा ठरवलं की आता दणकट डेस्कटॉप घ्यायचा आणि तोही सुटे भाग आणून स्वतः जोडायचा. व्हिडिओ बघून बघून मला स्वप्नात स्क्रू दिसायला लागले होते. शंकररावांनी सगळे भाग काढून दिले, पण जोडणार मी आहे म्हटल्यावर हसले.

"हात नका लावू मॅडम. सरांले पाठवून द्या, त्यांले समजावतो. हे काही पापड लाटणं नाही."

सर म्हणजे उद्धव. त्यांना अजून मिक्सरचं भांडं नीट बसवता येत नाही.

दुकानात माझ्याच वर्गातल्या दोन पोरी वडिलांसोबत उभ्या होत्या आणि कान टवकारून ऐकत होत्या. माझा पारा चढला. "रविवारी चार वाजता चहाला या," मी म्हटलं. "तोपर्यंत स्क्रीनवर अक्षरं दिसली नाहीत, तर सोमवारी याच काउंटरसमोर सगळ्यांदेखत सांगेन, की हे बायकांचं काम नाही."

पायऱ्या उतरेपर्यंत माझी मलाच धडकी भरली. शंकरराव हसले तर हसू देत. पण त्या पोरींच्या कानावर ते वाक्य माझ्या तोंडून पडलं असतं, तर मी पुन्हा त्यांच्यासमोर खडू हातात धरू शकले नसते.

रविवारी सकाळी उद्धवना पेपर देऊन गच्चीवर पिटाळलं आणि खोकी उघडायला बसले, तेवढ्यात दार वाजलं. दारात तिघी उभ्या, तिघींच्या काखेत पोळपाट-लाटणं. उन्हाळ्यात आमच्या गल्लीत एकमेकींकडे पाळीनं पापड होतात, आणि आजची पाळी माझी होती. मी साफ विसरले होते. उडदाचं पीठ डब्यातच होतं.

"पीठ नाई भिजवलं?" विमलबाई म्हणाल्या. त्या गल्लीत सगळ्यांत मोठ्या, त्यांच्यापुढे नगरसेवकही आवाज चढवत नाही. "मंग आमी काय तुमचं तोंड पाहून वापस जावं?"

मी सगळं सांगून टाकलं. पापडांचा उल्लेख आला मात्र, विमलबाईंनी पोळपाट भिंतीला टेकवला आणि पदर खोचला.

"पापड सोपे असतात म्हनते का तो? बसा वं पोरींनो. सांगा मॅडम, पयले काय घ्याचं?"

पाळीला आलेली बाई काम केल्याशिवाय परत जात नाही, हा आमचा नियम. काम कुठलं, हे नियमात नव्हतं.

अंगातली स्थिर वीज या नाजूक भागांना मारते, असं मी सांगितलं आणि घोटाळा झाला. विमलबाईंनी घरातले चारही पाट आणवले. सगळ्यांनी पाटावरच बसायचं, खाली पाय टेकवायचा नाही. त्यांची स्वतःची साडी नायलॉनची निघाली, तेव्हा त्यांनी स्वतःलाच सोवळ्याबाहेर काढलं, पाट दरवाज्यापाशी ओढला आणि तिथून हुकूम सोडायला लागल्या. शेजारची नवी सून अश्विनी दर मिनिटाला लोखंडी कपाटाला हात लावून येत होती, वीज उतरवायला. रुख्मिणी आठवडी बाजारात भाजी विकते आणि एका बैठकीत पाच किलोचे पापड उरकते. तिला मी मोबाईलचा टॉर्च धरायला सांगितला.

मदरबोर्ड समोर ठेवला तशी अश्विनी म्हणाली, "माय वं, हे तं अख्खं गाव हाये." खरंच होतं. गल्ल्या, चौक, पाण्याच्या टाक्या, सगळं. मला इतकं हसू आलं की प्रोसेसर उचलायची हिंमत होईना. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण त्रिकोणाला जुळवला, तो अलगद बसला. मग वरची पट्टी दाबायची. ती दाबताना असा काही करकर आवाज झाला, की अश्विनीनं डोळे मिटले आणि विमलबाईंनी बालाजीचं नाव घेतलं.

"मोडलं काय वं?"

"नाही मोडलं. असाच आवाज येतो."

"मंग आदी सांगाचं ना! माह्या छातीत धडधड होऊन राह्यलं."

प्रोसेसरवर उष्णता ओढून घेणारं मलम लावायचं, तेही मुगाच्या दाण्याएवढंच. "एवढ्यानं काय होते? जरासं पसरवा तरी," असं तिघींनीही एकाच वेळी सांगितलं. मी पसरवलं नाही. मेमरीच्या पट्ट्या बसवताना दरवाज्यातून सारखा आवाज येत होता, "हळू, मॅडम, हळू. इतक्या महागाची वस्तू हाये." मी हळूच बसवल्या. पंखा बसला, कॉम्प्युटरचा डबा उभा राहिला, केसासारख्या बारीक तारा अश्विनीनं मणी ओवावेत तशा एकेक ओवल्या. एक स्क्रू हरवला आणि तो माझ्याच अंबाड्यात सापडला. हसून हसून पोट दुखायला लागलं होतं. एवढी मजा मला माझ्या स्वतःच्या लग्नातही आली नव्हती.

बटण दाबलं. पंखे फिरले, निळे दिवे लागले, आम्ही टाळ्या पिटल्या. स्क्रीन मात्र काळी ती काळीच.

बंद केलं, पुन्हा चालू केलं. काळीच. तारा तपासल्या, प्लग बदलले. अश्विनी रडकुंडीला आली. आणि चारच्या ठोक्याला, अगदी घड्याळ लावल्यासारखे, शंकरराव दारात हजर झाले.

त्यांनी काळ्या स्क्रीनकडे पाहिलं, चार पाटांकडे पाहिलं आणि खुर्चीत आरामात टेकले. उद्धव गच्चीवरून उतरून चहा ठेवायला गेले. माणूस तसा वाईट नाही शंकरराव, हेच तर जास्त झोंबतं.

"राहू द्या मॅडम, मनाला लावून घेऊ नका. उद्या मी जोडून देतो. बायकांचा हात मऊ असते, त्याले काय करनार?"

माझं डोकं फिरलं. मी प्लग खेचून काढला, डब्याचं झाकण उघडलं आणि काय करणार आहे हे नीट न ठरवताच मेमरीच्या पट्टीवर दोन्ही अंगठे ठेवून सगळा राग त्यात ओतला.

कट्ट!

खोलीत सगळे दचकले. पट्टीच्या टोकाची खिटी आपोआप मिटली होती. सकाळपासून ती उघडीच होती, आणि आम्ही हळू हळू करत बसलो होतो! दुसऱ्या पट्टीवरही अंगठे ठेवले. कट्ट!

प्लग लावला, बटण दाबलं. पंखे फिरले. स्क्रीन क्षणभर काळी राहिली आणि मग पांढऱ्या अक्षरांनी भरून गेली. प्रोसेसरचं नाव, मेमरी, तापमान, सगळं जिथल्या तिथं.

पुढचं मला धड सांगता येणार नाही. अश्विनीनं मला कमरेला धरून गरगर फिरवलं. विमलबाई सोवळं विसरून पाटावरून उठल्या आणि नायलॉनच्या साडीसकट नाचल्या. मी, उद्या वर्गात पोरींना काय काय सांगायचं, याचं भाषणच सुरू केलं. शंकररावही उठले, वाकून स्क्रीन वाचली आणि मनापासून म्हणाले, "मानलं मॅडम. पुढच्या वेळी तुमालेच बोलावतो दुकानात."

फक्त रुख्मिणी नाचत नव्हती. टॉर्च बंद करून ती आपलं लाटणं पिशवीत घालत होती.

"काय झालं गं?"

"काई नाई. चांगलं झालं ना." मग थांबून म्हणाली, "मी दिवसभर उजेडच धरून राह्यली. एकडाव हात लावाले गेली, तं तुमी म्हनल्या, तू नको लावू."

म्हटलं होतं मी. पंखा बसवताना, अगदी सहज. मला आठवलंसुद्धा नसतं. ज्या शब्दांवरून मी भर दुकानात भांडून आले होते, तेच मी हिला माझ्याच घरात ऐकवले होते. मला खूप लाज वाटली.

मी बटण बंद केलं, प्लग काढला आणि पंख्याचे स्क्रू सोडवायला लागले.

"अहो, चालू झाला ना!" शंकररावांचा चहा बशीत सांडला. "खोलता कायले आता?"

"तुमच्याशी लावलेली पैज संपली, शंकरराव. हिचा कॉम्प्युटर व्हायचा आहे अजून."

पंखा निघाला, मलम पुसलं, मेमरी निघाली, प्रोसेसर पुन्हा डबीत गेला. रुख्मिणी पदराला हात पुसत नुसती बघत होती.

"आन बिघडलं तं?"

"बिघडलं तर पुन्हा जोडू. बस."

ती पाटावर बसली. प्रोसेसर दोन बोटांत धरून तिनं तो उजेडाकडे फिरवला, सोनेरी त्रिकोण शोधला. तो चुकीच्या कोपऱ्याकडे जातोय असं वाटून मी नकळत पुढे झाले.

"मॅडम," ती मान वर न करता म्हणाली, "तुमी आता हात लावू नका."

मी दोन्ही हात मागे घेतले आणि मोबाईलचा टॉर्च लावून धरला.