रात्रभर वायरला, सकाळी उपाशी

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव संशयी आहे. मी विजेवर चालणारी एक छोटी, आता थोडी जुनी झालेली गाडी आहे. वाशीमच्या बाजारात एका कापड दुकानामागे पत्र्याची शेड आहे, तिथे मी उभी असते. कुणी कौतुकानं जवळ आलं तरी मी आधी त्याच्या हातात खिळा नाही ना, ते बघते. माझ्या डाव्या दारावर एक लांबलचक ओरखडा आहे, म्हणून म्हणते.

माझा जन्म पुण्याकडच्या कारखान्यात झाला. पाच दारं, चौघांना ऐसपैस जागा. पाचवा बसला की सगळ्यांनी अंग चोरायचं. माझ्या जाहिरातीत छापलं होतं की एकदा चार्ज केलं की मी अडीचशे किलोमीटर जाते. ते वाचून मलाच शंका आली होती. आपल्या वऱ्हाडातल्या उन्हात, एसी लावून, चार माणसं बसवून मी दीडशेच्या आसपास जाते. यापेक्षा जास्त कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

बाकी गुण मात्र खरे आहेत. मला क्लच नाही, गिअर नाही. पायाखालची पट्टी दाबली की मी तशीच सुळकन निघते. पाय उचलला की माझा वेग आपोआप उतरतो आणि चाकांच्या फिरण्यातून थोडी वीज परत माझ्या पोटात जाते. बाजारातल्या गल्लीत जिथे मोठ्या गाड्या तीनदा मागेपुढे करतात, तिथे मी एका दमात वळते. उंच गतिरोधक दिसला की मात्र मी जपून चढते, कारण बॅटरी पोटाखालीच आहे. आणि मी आवाज करत नाही. हाच माझा सगळ्यात मोठा गुण, आणि लोकांना याचाच सगळ्यात जास्त संशय!

अमरावतीच्या पहिल्या मालकांनी मला विकलं तेव्हा लखमीचंद शेटजींनी घेतलं. शेटजींचं खाली दुकान आणि वर घर. घरात त्यांची पत्नी राजमती, मुलगा संयम आणि सून राखी. मला घेतलं ते राखीसाठी. ती कंबर आणि गुडघ्यांचे व्यायाम करवून घेणारी डॉक्टर आहे. अनसिंगला दोन खोल्या भाड्यानं घेऊन तिनं दवाखाना सुरू केला होता. सून रोज एकटी अनसिंगला जाणार, हे शेटजींना पसंत नव्हतं. शेवटी त्यांनी एकच अट घातली. "गाडी भरवशाची निघाली तं जा. एक दिवस बी रस्त्यात दगा देला, तं दवाखाना बंद."

म्हणजे राखीचा दवाखाना माझ्या बॅटरीवर उभा होता. मला ही अट तेव्हाच खटकली होती.

संयम सुरतेला माल आणायला गेला असताना वायरमन आला. शेटजींनी स्वतः उभं राहून शेडमध्ये माझ्यासाठी सॉकेट बसवून घेतलं. मग माझा दिनक्रम ठरला. सकाळी अनसिंग, संध्याकाळी परत. दवाखान्यासमोर मी लिंबाच्या सावलीत उभी राहायचे आणि आतलं बोलणं ऐकायचे. मनकर्णाबाई नावाची एक म्हातारी रोज दारातूनच ओरडायची, "आली का वं बाई? तू नाई आली तं माहा गुडघा कोन वाकवन?" राखी हसायची. येताना ती मला हळू चालवायची, गाणं गुणगुणायची. तिचा पाय हलका होता. मित्रांनो, मला ती फार आवडायची.

पण काहीतरी बिनसलं होतं. घरी आल्या आल्या राखी मला वायर लावायची, माझा हिरवा दिवा लुकलुकायचा आणि ती समाधानानं वर जायची. थोडा वेळ वीज यायची आणि अचानक थांबायची. रात्रभर मी तशीच. सकाळी पुन्हा सुरू! घरचे येऊन बघायचे तेव्हा दिवा लुकलुकतच असायचा. दिवा चालू, वायर जागेवर आणि पोट अर्धं रिकामं. दर दिवशी आकडा थोडा थोडा खाली जात होता. रविवारी दुकान बंद, शेडकडे कुणी फिरकायचं नाही. मी दिवसभर वायरला असायचे, तरी सोमवारी जिथल्या तिथे.

मी आधी उंदरांवर संशय घेतला, मग वायरमनवर. शेजारच्या पिठाच्या गिरणीवर तर मी आठवडाभर कान लावून होते. शेटजींचा संशय मात्र दुसरीकडे वळला. रोज सकाळी ते माझ्या काचेतून वाकून किलोमीटरचा आकडा वाचू लागले. आकडा अनसिंगच्या जाण्यायेण्याइतकाच निघायचा. तरी ते संयमला म्हणाले, "मीटर फिरवता येते म्हन्तात. रात्रभर वायर लावून बी बॅटरी उतरते, तं गाडी दुसरीकडं कुठं जाते का, पाहून घे जरा."

संयमनं बायकोची बाजू घेतली नाही. मला त्याचा राग आला, खरंच आला.

आणि मग तो सोमवार उजाडला. मनकर्णाबाई पाय घसरून पडली होती, म्हणून राखी तिला बघायला गावाबाहेर तिच्या वाडीवर गेली. परतीच्या वाटेवर माझा दम संपला. एका धाब्यावर राखीनं विनवून वायर लावली आणि माझ्यात घरापुरती वीज येईपर्यंत ती खाटेवर बसून राहिली. घरी पोहोचलो तेव्हा दिवस मावळून गेला होता. हे घर जैनांचं, इथे सूर्य मावळल्यावर कुणी जेवत नाही. राजमतीबाई ताट झाकून वाट बघत बसल्या होत्या. राखीबरोबर त्याही उपाशी राहिल्या.

"इतका वेळ कुठं होती?" शेटजींनी दारातच विचारलं.

"चार्जिंगले थांबली होती, बाबूजी. धाब्यावर."

"काल दिवसभर गाडी वायरलेच होती न?"

राखी वर न जाता माझ्यात येऊन बसली, काचा वर केल्या आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडली. मी तिच्यावर कधीच संशय घेतला नव्हता. ते तिला सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं!

दोनच दिवसांत गिऱ्हाईक आलं. रिठदचे शेतकरी रामकिसन. मला विकायचं आणि दवाखान्याचं भाडं बंद करायचं, असं ठरलं होतं. संध्याकाळी राखी अनसिंगहून आली, तिनं नेहमीसारखी वायर लावली आणि चावी मुठीत धरून बाजूला उभी राहिली. रामकिसन माझ्याभोवती दोन फेऱ्या मारून खाली वाकले.

"आवाज नाई, धूर नाई. चालू हाय का बंद, हेच समजून नाई राह्यलं," ते पुटपुटले. मला ते आवडले. माझ्यासारखेच संशयी.

"थांबा थोडं," शेटजी म्हणाले. "दुकान वाढवून येतो, मंग बोलू."

त्यांच्याकडे दुकान बंद करणं म्हणत नाहीत, वाढवणं म्हणतात. गल्ल्याला हात लावून नमस्कार, देवापुढे उदबत्ती, शेवटी मेन स्विच खाली आणि शटर. बाजूच्या साड्यांच्या दुकानाला वायरीमुळे आग लागली होती, तेव्हापासून मेन पाडल्याशिवाय त्यांनी कधी कुलूप लावलं नाही. आणि एकदा वाढवलेलं दुकान ते पुन्हा उघडत नाहीत. लग्नाच्या बस्त्याला आलेली माणसंसुद्धा त्यांनी दारातून परत पाठवली आहेत.

आम्ही मागे थांबलो. दुकानाच्या मागच्या खिडकीतून उजेड येत होता. एकाएकी तो गेला, आणि त्याच क्षणी माझा हिरवा दिवाही गेला. मग शटर खाली आल्याचा आवाज झाला.

शेटजी चाव्यांचा जुडगा घेऊन आले. रामकिसन माझ्या दिव्याकडे बोट करून उभे होते.

"शेटजी, तुमी आतला लाइट घालवला अन् हिचा दिवा बी गेला. खटका पाडला का तुमी?"

"म्या? म्या कायले पाडू गाडीचा खटका?" शेटजी रागावले. "मेन तेवढी पाडली. ते तं रोजच..."

ते मध्येच थांबले. माझ्या सॉकेटकडे बघितलं, तिथून भिंतीवर चढून दुकानात गेलेल्या वायरीकडे बघितलं. ही वायर त्यांनीच तर उभं राहून टाकून घेतली होती. मेन पाडणं त्यांच्या हाताला इतकं सवयीचं झालं होतं, की आपण रोज काही बंद करतो हे त्यांच्या गावीच नव्हतं.

शेटजी वळले आणि गल्लीतून पुढे गेले. थोड्या वेळानं शटर वर गेल्याचा खडखडाट ऐकू आला. राजमतीबाई घाबरून खाली धावत आल्या. "वाढवलेलं दुकान उघडलं? काय झालं वं राखी?"

माझा हिरवा दिवा पुन्हा लुकलुकू लागला.

शेटजी परत आले ते सरळ राखीसमोर. वर्षातून एकदा, संवत्सरीला, घरातले सगळे एकमेकांना हात जोडून क्षमा मागतात. संवत्सरीला अजून बरेच महिने होते. तरी त्यांनी सुनेपुढे हात जोडले आणि म्हणाले, "मिच्छामि दुक्कडम, बेटा." राखीनं त्यांचे हात धरले.

"मंग गाडी देता का नाई?" रामकिसननी विचारलं.

"चाबी तिच्यापाशी हाय," शेटजी म्हणाले. "तिलेच विचारा."

राखीनं चावीची मूठ उघडली नाही.

आता माझी वायर वरच्या घराच्या मीटरवर आहे. मनकर्णाबाईचा गुडघा बराच वाकतो. मित्रांनो, माझ्यासारख्या मुक्या गाडीला जपा, वेळेवर पोटभर वीज द्या. आणि संशय आलाच, तर दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपला हात नुकताच कशावरून उठला ते बघा. माझा स्वभाव अजून तोच आहे, पण शेटजींच्या वाकून बघण्याची मला आता भीती वाटत नाही. ते रोज सकाळी आकडा वाचतात आणि जिन्याकडे तोंड करून हाक मारतात, "राखी, भरली वं गाडी. नीघ आता, म्हातारी वाट पाहून राह्यली असंन."