कटिंग मशीनला लागलेली नजर

कटिंग मशीनभोवती सगळा कारखाना गोळा झाला होता. यंत्रांची नजर उतरवायला मालकांनी बोलावलेले यंत्रमहाराज तांब्याची कांडी फिरवत होते, आणि कालपर्यंत पुठ्ठे कधी थोडे, कधी फारच आखूड कापणारं ते मशीन आज शहाण्या मुलासारखं बरोब्बर मापात कापत होतं!

"यंत्रालाही जीव असतो. त्याला नजर लागली होती," महाराज म्हणाले. कुणाची, तेही त्यांनी सांगून टाकलं. दुपारपाळीत मशीन चालवणाऱ्या मावशींची. बिघाड त्यांच्याच पाळीत व्हायचा, मग आणखी पुरावा कशाला हवा? मालकांनी मावशींना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मावशी खाली मान घालून पिशवी आवरू लागल्या.

मालकांची पुतणी कारखान्यात देखभालीची इंजिनिअर होती. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. इतके दिवस डोकं फोडून तिला बिघाड सापडला नव्हता, आणि कांडीला एका फेरीत सापडला? तिने आजूबाजूला पाहिलं. शेड फारच शांत होती.

"काका, पलीकडचा ग्राइंडर का बंद आहे?"

"महाराजांना मौन लागतं गं."

"आणि तो चालतो कधी? फक्त दुपारपाळीत!"

तिने मशीनमागचं झाकण उघडलं. रोलर किती फिरला हे मोजणाऱ्या एन्कोडरची साधी, बिनकवचाची तार ग्राइंडरच्या जाड केबलला एकाच पट्टीने बांधलेली होती. जणू सख्ख्या बहिणी!

"महाराज, मावशी फाटकाबाहेर थांबतील. मशीन तुम्हीच चालवा."

महाराजांनी प्रसन्न मुद्रेने बटण दाबलं. पुठ्ठे मापात पडले. मग तिने ग्राइंडर सुरू करायला लावला. पहिला पुठ्ठा आखूड. दुसरा त्याहून आखूड.

"त्या बाईची सावली फार लांब पडते," महाराज घाम पुसत म्हणाले.

"असं? ग्राइंडर बंद करा रे!" पुठ्ठे पुन्हा मापात. "आता मावशी, आत या. तुम्ही चालवा. ग्राइंडर बंद करा रे!"

पुठ्ठे पुन्हा मापात. कुणीतरी फिस्सकन हसलं. महाराजांना अचानक दुसरीकडचं बोलावणं आठवलं.

"ग्राइंडरची विजेची गडबड या तारेत शिरते," पुतणी सर्वांना सांगू लागली. "रोलर किती फिरला ते एन्कोडर विजेच्या ठोक्यांनी कळवतो; मशीन या गडबडीचे खोटे ठोकेही मोजतं. रोलर पुरता फिरायच्या आतच त्याला माप भरल्यासारखं वाटतं, म्हणून घाव लवकर पडतो. काका, एन्कोडर निवडताना तुम्ही फक्त स्वस्त कोणता ते पाहिलंत. इथे अशा गोंधळातही खरे ठोके ओळखणारा एन्कोडर हवा, त्याला जाळीच्या कवचाची केबल हवी, आणि तिचा रस्ताही वेगळा हवा."

मालक ओशाळले. "मावशी, उद्यापासून या कामाला."

"येईन," मावशी म्हणाल्या, "पण माझ्यात काही खोट नव्हती, हे आधी या सगळ्यांसमोर म्हणा."

मालकांनी म्हटलं. हळू आवाजात.

"मोठ्याने," मावशी म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा म्हटलं, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं.

वाचकहो, यंत्र अडलं तर एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहा. काय बदलल्यावर काय होतं, ते नीट बघा. तेवढा धीर नसेल तर निदान एखाद्या माणसाच्या पोटावर पाय देण्याची घाई तरी करू नका.